नादारीचा अर्ज

दिवाळी आणि दिवाळे या शब्दांत फरक काय तो एका वेलांटीचा आणि एका मात्रेचा. जुन्या पेठांतून अशी रीत होती म्हणतात की, ज्या व्यापाऱ्याला देणी देणे अशक्य होई तो भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी. रस्त्याने जाणाऱ्याने तो दिवा पाहिला की समजायचे, शेठजी बसले. त्या दिव्यावरून दिवाळे हा शब्द आला, अशी व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो की मागाहून रचलेली असो, तिच्यातला एक तपशील मला फार अर्थपूर्ण वाटतो. दिवा लावणारा तो मनुष्य पळून गेलेला नाही. तो दुकानातच बसला आहे, आणि जे आहे ते उजेडात दाखवतो आहे. आज आपण ज्याला दिवाळे म्हणतो त्यात नेमकी हीच गोष्ट उरलेली नाही.

धार, देवास, इंदूर, उज्जैन या मुलखातली आपली मराठी घरे बहुतेक करून पवार, होळकर, शिंदे यांच्या पाठोपाठ आलेली. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी पुराणिक. व्यापार हा आपला पिंड नव्हे. घरात पैसा बेताचा, पण पत मोठी. 'दक्षिणी लोक उधारी बुडवत नाहीत' असे इथल्या बाजारात ऐकतच आमची पिढी वाढली. घरातले म्हातारे माणूस गेले की तेराव्याला त्याच्याविषयी शेवटचे वाक्य ठरलेले असे : कोणाचा एक पैसा ठेवला नाही. हे वाक्य आपल्याविषयीही म्हटले जावे असे कोणाला वाटत नाही? म्हणूनच पुढचा प्रश्न आपल्या घरांत कोणी मोठ्याने विचारत नाही, आणि विचारला तर ऐकणारा दार लावून घेतो. प्रश्न असा : कर्ज फिटणे शक्यच नसेल तर सभ्य माणसाने न्यायालयात जाऊन, 'मी नादार आहे' असे लिहून द्यावे काय? की बँकेशी तडजोड करावी, घर विकावे, मेहुण्याकडे हात पसरावे, आणि काहीही झाले तरी तो अर्ज करू नये?

याचे उत्तर शोधायला लांब जायचे कारण नाही. देवासच्या टेकडीखालीच एक मोठे दिवाळे निघाले होते, आणि ते एका राजाचे होते.

देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांची आठवण आज जगात उरली आहे ती मुख्यतः एका इंग्रज कादंबरीकारामुळे. ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ साली देवासला येऊन गेला आणि १९२१ साली काही महिने महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला. त्या दिवसांची पत्रे व आठवणी त्याने १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या नावाने छापल्या. टेकडी म्हणजे आपली चामुंडेची टेकडी. पुस्तकातले महाराज विलक्षण गोड माणूस आहेत. कृष्णभक्त, विनोदी, मित्रांवर जीव लावणारे. गोकुळाष्टमीच्या उत्सवात देहभान विसरणारे. आणि पैशाच्या बाबतीत पूर्ण आंधळे. नवा राजवाडा बांधायला काढलेला, तो एकीकडून पुरा होतो आहे तोच दुसरीकडून ढासळतो आहे. परदेशातून मागवलेल्या वस्तू न वापरताच खराब होत आहेत. फॉर्स्टर हे सारे हसत हसत सांगतो, पण हसता हसता त्याला कळत होते की हा खर्च संस्थानाला पेलणारा नाही. संस्थान ते केवढे? एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये, रस्त्याच्या अलीकडे एक राजा आणि पलीकडे दुसरा!

घरातही सुख नव्हते. राणीसाहेब कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या, त्या माहेरी निघून गेलेल्या. १९२७ च्या अखेरीस युवराज विक्रमसिंहराव वडिलांशी फाटून देवास सोडून गेले. कर्जाचा डोंगर वाढत होता. हिशेब आणि कारभार तपासावा, आपल्या देखरेखीखाली आणावा, असा हिंदुस्थान सरकारचा आग्रह सुरू झाला. महाराजांनी तो मानला नाही. १९३३ च्या अखेरीस ते दक्षिणेच्या तीर्थयात्रेला म्हणून निघाले आणि पाँडिचेरीला जाऊन राहिले. पाँडिचेरी फ्रेंचांची, तिथे इंग्रजांचा हुकूम चालत नव्हता. ते परत आले नाहीतच. १९३७ च्या डिसेंबरात तिथेच त्यांचे देहावसान झाले. ज्या मुलाशी फाटले होते तोच १९४७ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचा छत्रपती झाला, हा पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

फॉर्स्टरने मित्राची बाजू शेवटपर्यंत घेतली, आणि मैत्रीच्या दृष्टीने ते शोभूनही दिसले. पण आपण देवासच्या बाजूने पाहिले पाहिजे. संस्थानाचा खजिना आटला की पहिली झळ कोणाला लागते? मोठ्या सावकाराला नाही. त्याच्याकडे कागद असतो, गहाण असते. झळ लागते ती कारकुनाला, पागेतल्या मोतद्दाराला, उत्सवाला तेल-तूप पुरवणाऱ्या वाण्याला. राजाचे पाँडिचेरीला जाणे हे त्यांच्या दृष्टीने दुकानातला दिवा मालवून मागच्या दाराने निघून जाणे होते. मला वाटते, महाराजांचा दोष कर्ज करण्यात जितका होता त्याहून अधिक वही न दाखवण्यात होता. पैसे नाहीत हे त्यांना कदाचित मान्य झाले असते; हिशेब द्या हे मान्य होण्यासारखे नव्हते. अभिमान दुखावला तो तिथे. आणि हा अभिमान फक्त राजांना असतो असे कोणी समजू नये. आपल्या आळीतला मुलगा एका रात्रीत मोबाइलचा नंबर बदलून पुण्याला निघून जातो, तेव्हा तोही आपापल्या पाँडिचेरीलाच जात असतो.

या गोष्टीतला आणखी एक माणूस इथे आठवतो. महाराज लहान असताना त्यांचे शिक्षक-पालक म्हणून जो तरुण आय.सी.एस. अधिकारी देवासला नेमला होता तो माल्कम डार्लिंग. फॉर्स्टरची व महाराजांची ओळख त्यानेच करून दिली. हाच डार्लिंग पुढे पंजाबात गेला आणि १९२५ साली त्याने पंजाबी शेतकऱ्याच्या सुबत्तेवर व कर्जावर जे पुस्तक लिहिले ते आजही ग्रामीण कर्जाचा अभ्यास करणाऱ्याला वाचावे लागते. कर्जाचा असा जाणकार ज्याला शिकवायला होता, तो विद्यार्थी कर्जात बुडाला! नियतीची थट्टा म्हणायची. पण डार्लिंगचा मुख्य निष्कर्ष मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. कर्ज केवळ गरिबीतून वाढते असे नाही, ते सुबत्तेतूनही वाढते. कालव्याचे पाणी आले, जमिनीची किंमत चढली, की सावकार अधिक द्यायला तयार होतो आणि शेतकरी अधिक घ्यायला. म्हणजे कर्जाची मर्यादा गरजेने ठरत नाही, देणाऱ्याच्या तयारीने ठरते. पंजाबचा कालवा काय आणि पिथमपूर-देवासचे कारखाने काय, प्रकार तोच. इथे प्लॉटचे भाव चढले, बँका दारात येऊन कर्ज देऊ लागल्या, आणि ज्या घरात पूर्वी सायकलसाठी पैसे साठवत त्या घरात एकाच वर्षी मोटार, मजला आणि मुलीचे लग्न असे तीन समारंभ कर्जावर होऊ लागले. ज्या देवास गावात सरकारचा नोटा छापण्याचा कारखाना आहे त्या गावात नोटांची एवढी चणचण असावी, याचे आम्हां गावकऱ्यांना हसू येते, पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

आता एक घरातली हकिकत सांगतो. नात्यातला एक मुलगा, मुलगा म्हणजे आता चाळिशीचा, लेथवर पुर्जे तयार करून कारखान्यांना पुरवतो. चार कामगार, भाड्याची शेड. एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिले थकवली. लहान उद्योगाचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे; पण कायदा दाखवला की पुढची ऑर्डर बंद, म्हणून दाखवत कोणी नाही. त्याची देणी त्याने एका वहीच्या पानावर लिहून आणली होती. आकडे थोडे बदलून देतो. बँकेचे चौदा लाख, त्यात यंत्रे गहाण. एका खासगी सावकाराचे सहा लाख, दरमहा तीन टक्क्यांनी. मेहुण्याचे चार लाख, बिनव्याजी. कामगारांचा थकलेला पगार नव्वद हजार. किराणावाल्याचे अडतीस हजार. बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून सही होती त्याच्या चुलत्यांची, म्हणजे पेन्शनवर जगणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाची.

मी त्याला विचारले, गेल्या सहा महिन्यांत कोणाला किती दिले? तो म्हणाला, "काका, सावकाराचे व्याज एकदाही चुकवले नाही." सहा लाखांवर तीन टक्के, महिन्याला अठरा हजार, वर्षाला दोन लाख सोळा हजार. म्हणजे पावणेतीन-तीन वर्षांत मुद्दलाइतके व्याज जाते आणि मुद्दल जिथल्या तिथे. आपल्या जुन्या हिंदू धर्मशास्त्रात दामदुप्पटीचा नियम होता : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो इंग्रजी अमलातही पाळला. त्या नियमामागचे शहाणपण या अठरा हजारांच्या हिशेबात दिसते. आणि कामगारांना? "त्यांना दिवाळीला देतो म्हटलंय." मेहुण्यांना? "ते काही म्हणत नाहीत."

जो काही म्हणत नाही त्याला शेवटी! माझ्या मते देण्याच्या बाबतीतला आपला खरा नैतिक घोटाळा इथे आहे. आपण समजतो की आपण प्रामाणिक आहोत, कारण आपण फेडतो आहोत. पण फेडतो कोणाला? जो दारात येऊन ओरडतो त्याला. पेशवाईत धनको ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे, त्याला तगादा म्हणत; आजचा सावकार मोटारसायकलवरून दोन पोरे पाठवतो. धाकापोटी दिलेल्या पैशाला आपण इभ्रतीपोटी दिलेले म्हणतो. आणि त्या अठरा हजारांत त्या चार कामगारांच्या घरचे पीठ-मीठ असते, याचा हिशेब कुठेच लागत नाही.

नादारीच्या कायद्याकडे मी या बाजूने पाहतो. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि इतर मुलखाच्या मोठ्या भागासाठी १९२० चा प्रांतिक कायदा झाला. त्याचे मूळ तत्त्व काय? कर्ज बुडवा असे तो म्हणत नाही. तो म्हणतो : जे आहे ते सगळे एका ठिकाणी ठेवा, देणेकऱ्याने ते स्वतः वाटू नये, न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरने वाटावे, आणि ज्याच्याकडे गहाण आहे तो सोडून बाकी सगळ्या धनकोंना सारख्या प्रमाणात मिळावे. सरकारी देणे आणि नोकर-मजुरांचा अलीकडचा पगार, एका लहान मर्यादेपर्यंत, आधी. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला मुद्दाम झुकते माप दिले असेल तर ते रद्द होऊ शकते. दोन वर्षांत बायकोच्या किंवा भावाच्या नावावर केलेली मालमत्ता परत ओढता येते. सगळी वही उघडी. ओरडणारा आणि गप्प बसणारा एका पंगतीत. तुकोजीरावांना जे जमले नाही ते हेच होते.

किंमतही थोडी नाही. एकदा नादार ठरवले की पुढे मिळालेली मालमत्तासुद्धा, न्यायालय मुक्त करीपर्यंत, धनकोंची. मुक्त न झालेल्या नादाराला लोकसभेत वा विधानसभेत बसता येत नाही. आपल्याला कुठे बसायचे आहे, पण संविधानातच तशी तरतूद आहे. पन्नास रुपये किंवा अधिक उधार घ्यायचे तर समोरच्याला 'मी नादार आहे' असे आधी सांगावे लागते, नाहीतर तो गुन्हा. १९२० चे पन्नास रुपये आज किराणावाल्याकडे साबण-चहातच संपतात! फसवणुकीने केलेले कर्ज, सरकारी देणे, पत्नीची न्यायालयाने ठरवलेली पोटगी यांतून मुक्ती नाहीच. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत गरिबांसाठी 'नव्याने सुरुवात' अशी एक चांगली तरतूद आहे : ज्याचे वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नाही, त्याचे कर्ज माफ होऊन त्याला पुन्हा उभे राहता यावे. पण तो भाग सामान्य माणसासाठी अजून अमलात आलेला नाही. कंपन्यांचे खटले मात्र जोरात चालू आहेत. कंपनीचे दिवाळे निघाले की बँका निम्म्याहून अधिक रकमेवर पाणी सोडतात, त्याला सुंदर इंग्रजी नाव आहे, आणि त्या मालकाच्या घरी तेरावा घातल्यासारखी शांतता पसरत नाही. लेथवाल्याचे निघाले की त्याच्या मुलीचे लग्न मोडते. ही विषमता कायद्याने केलेली नाही, आपण केलेली आहे.

कोणी म्हणेल, थोर माणसांनी असे केले नाही. सर वॉल्टर स्कॉटचे उदाहरण आपल्या शाळेतले गुरुजी हमखास देत. १८२६ साली त्याची भागीदारीतली छापखान्याची व प्रकाशनाची बाजू कोसळली, लाखाहून अधिक पौंडांचे देणे अंगावर आले, आणि त्याने नादारी न घेता लिहून लिहून कर्ज फेडायला घेतले. त्यातच १८३२ साली त्याचा अंत झाला. खरे आहे. पण गुरुजी जे सांगत नसत तेही खरे आहे. स्कॉटने जे केले ती धनकोंबरोबरची तडजोडच होती. आपली मिळकत विश्वस्तांच्या हाती दिली, आणि त्यांनी थांबायचे कबूल केले. त्याची ॲबट्सफर्डची इस्टेट आदल्याच वर्षी मुलाच्या लग्नात त्याच्या नावे बांधून दिलेली होती, आणि धनकोंनी स्कॉटला त्या घरातून बाहेर काढले नाही. दुसरे उदाहरण मार्क ट्वेनचे. १८९४ साली त्याची प्रकाशनसंस्था बुडाली. त्याने सरळ दिवाळे मान्य केले, आणि मग जगभर व्याख्याने देत हिंडून, १८९६ साली मुंबईपर्यंत येऊन, पुढच्या दोन वर्षांत सर्वांची पै न् पै फेडली. कायद्याने सुटल्यावरही तो स्वतःला सुटलेला समजला नाही. मला स्कॉटपेक्षा हे उदाहरण अधिक आवडते, कारण यात दोन गोष्टी वेगळ्या झालेल्या दिसतात. न्यायालय वसुलीचा हक्क काढून घेते. देण्याची इच्छा काढून घेण्याचा अधिकार त्याला नाही. मात्र ट्वेनकडे लेखणी होती आणि ऐकायला जग जमत होते. लेथवाल्याने जगभर हिंडून काय दाखवावे?

तेव्हा अर्जाच्या आधी बाकीचे मार्ग पाहणे हे कर्तव्यच आहे. बँका एकरकमी तडजोड करतात. बुडण्यापेक्षा साठ टक्के बरे, हे त्यांनाही कळते. अशी तडजोड झालेले कर्ज पतनोंदीत 'फिटले' असे न येता 'तडजोडीने मिटले' असे येते आणि पुढची काही वर्षे नवे कर्ज मिळणे कठीण होते. पण आमच्या त्या मुलाला नवे कर्ज मिळणे कठीण व्हावे यासारखे औषध नाही असे मला वाटते. लोकअदालतीत गेले तर निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते. वसुलीच्या माणसांचा त्रास असेल तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. आणि निव्वळ देता येत नाही म्हणून कोणाला तुरुंगात घालता येत नाही. देण्याची ऐपत असून जो टाळतो त्याचीच गोष्ट वेगळी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितले. कितीतरी माणसे ज्या भीतीने विहिरीकडे वळतात ती भीती पंचेचाळीस वर्षांपूर्वीच खोटी ठरलेली आहे. ही गोष्ट बँकेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिली पाहिजे.

सरकारी कर्जमाफीचे काय, असे आपल्याकडचे शेतकरी नातलग विचारतील. २००८ ची देशभरची माफी आणि २०१८ च्या डिसेंबरात मध्य प्रदेशात जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची, या दोन्हींनी काहींचे प्राण वाचवले असतील. पण तिथे वही कोणी उघडत नाही. गरजू आणि बेरकी एकाच यादीत, आणि ज्याने बायकोची पाटली मोडून मुदतीत हप्ता भरला तो यादीबाहेर. याच्या उलट १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला कुणब्यांनी जे दंगे केले त्यांत त्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, रोख्यांवर होता. कागद मिळाला, जाळला, की जमाव बहुतेक ठिकाणी पांगला. त्यानंतरच्या १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासायला लावले, आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी अटक बंद केली. म्हणजे जाळपोळीतून निघाली ती पुन्हा वही तपासण्याचीच गोष्ट. धार जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथल्या आदिवासींवरची, परवाना नसलेल्या सावकारांची १५ ऑगस्ट २०२० पर्यंतची कर्जे रद्द करणारा कायदा मध्य प्रदेशाने त्याच वर्षी केला. तो मला योग्य वाटतो, कारण तिथे मुळात वहीच खोटी असते. आणि तुकोबांची गोष्ट? दुष्काळात दुकान बुडाल्यावर त्यांनी धाकट्या भावाला त्याच्या वाट्याचे कागद दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले, अशी परंपरा आहे. लक्षात घ्यावे की त्यांनी बुडवले ते लोकांकडून येणे होते, लोकांचे देणे नव्हे. आणि भावाच्या हिश्शाला त्यांनी हात लावला नाही.

भावाचा हिस्सा म्हटल्यावर आमच्या त्या वहीच्या पानाकडे यावेच लागते. त्या मुलाने नादारीचा अर्ज केला आणि तो मुक्त झाला, तरी जामीन मुक्त होत नाही. मूळ कर्जदाराइतकीच जबाबदारी जामिनाची, हे करार कायद्याचे सूत्र आहे. म्हणजे अर्ज मुलाने करायचा आणि बँकेची नोटीस चुलत्यांच्या दारात. माझा कौल इथे पालटला. त्याच्या एकट्याचा प्रश्न असता तर मी म्हणालो असतो, उद्या सकाळी वकिलाकडे जा. पण ज्याने केवळ रक्ताच्या नात्याने सही केली त्याला पुढे करून आपण मागच्या दाराने बाहेर पडणे, हे कायद्यात बसले तरी कशात बसत नाही. म्हणून आधी बँकेशी तडजोड, तीही चुलत्यांना समोर बसवून आणि त्यांचे नाव मोकळे होईल असे लेखी घेऊन. यंत्रे विकून जे येईल ते बँकेला. कामगारांचे नव्वद हजार त्याच आठवड्यात. त्यानंतर सावकार उरला, आणि त्याला नादारीचे भय दाखवायला हरकत नाही. सर्वांबरोबर रांगेत उभे राहावे लागेल म्हटले की व्याजाची भाषा बदलते, असा वकिलांचा अनुभव आहे. आणि नाहीच बदलली, तर अर्ज. त्यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही.

मुलाचे वडील हयात नाहीत. त्यांचेही थोडे देणे होते, तेही तो आपल्या डोक्यावर समजून चालला होता. बापाचे ऋण मुलाने फेडावे हा आपल्याकडचा जुना धर्म, आणि न्यायालयेही तो मानत. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन केवळ त्या धर्माच्या आधारे मुलाकडून वसुली करण्याचा हक्क संपला. बापाची जितकी मालमत्ता हाती आली तितक्यापुरतेच देणे. हे ऐकून त्याला आनंद होण्याऐवजी थोडे वाईटच वाटलेले दिसले. मला ते आवडले.

राहिली त्याची बायको. ती इतका वेळ आत होती. वकिलांकडे गेलो त्या दिवशी तिलाही नेले. वकिलांनी सांगितले की स्त्रीधन हे तिचे, नवऱ्याच्या देण्यापायी त्याला कोणी हात लावू शकत नाही; शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळलेले आहेत. म्हणजे मंगळसूत्र सुरक्षित. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, माझ्या पाटल्या गेल्या वर्षीच सोन्यावरच्या कर्जात गेल्या, त्या यांनी कुठल्या पानावर लिहिल्या आहेत? पान पुन्हा उघडून पाहिले. लिहिलेल्या नव्हत्या. वकिलांनी पेन पुढे केले, आणि मेहुण्यांच्या नावाच्या वर, कामगारांच्या पगाराखाली, त्याने तिचे नाव लिहून समोर रक्कम घातली.